गाडी नाही, चालवता येत नाही आणि सोबत १९ किलोची कुत्री: नागपूरहून ठाण्याला कशी जाऊ?

तर्रीची_माय

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

मी नागपूरची. ठाण्याला जॉब लागलाय, ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, जॉइनिंग १ जून. एकटीच जाणार, म्हणजे एकटी नाही, सोबत तर्री. तर्री आमची कुत्री, देशी, चार वर्षांची, वजन १९ किलो, रंग लालसर म्हणून तर्री (पोह्यावरची, नागपूरच्या लोकांना सांगायची गरज नाही). एका पोहेवाल्याच्या ठेल्यामागेच सापडली होती, मुठीएवढी होती तेव्हा.

प्रॉब्लेम असा की कार नाही आणि मला चालवताही येत नाही. एक अ‍ॅक्टिव्हा आहे, तिच्यावर तर्री पायाशी बसते, डॉक्टरपर्यंत आरामात जातो आम्ही. पण ठाणं म्हणजे आठशे किलोमीटर. आमचे एक काका म्हणे समृद्धीने जा ना अ‍ॅक्टिव्हावर, रस्ता मस्त झालाय आता, त्यांना कोण सांगणार की समृद्धीवर दुचाकीला एन्ट्रीच नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारलं तर दोघे सरळ नाही म्हणाले आणि तिसरा म्हणाला डिक्कीत टाकू, काही होत नाही. मे महिन्यात, नागपुरात, डिक्कीत. मी फोन ठेवून दिला. कॅबवाल्याने वन-वे पंधरा हजार सांगितले, वर सीट धुवायचे वेगळे.

मग राहिली ट्रेन. ट्रेनमध्ये कुत्रा नेता येतो हे माहीत आहे पण नेमकं कसं ते प्रत्येक जण वेगळं सांगून राहिला आहे. कोणी म्हणतं फर्स्ट एसी, कोणी म्हणतं गार्डच्या डब्यात पेटी असते त्यात टाकावं लागतं. पेटीत टाकायची माझी हिंमत नाही.

आणि पोचल्यावरचं टेन्शन वेगळंच. घर मिळेल का, रोज ऑफिसला गेल्यावर ही नऊ तास एकटी काय करेल, रात्री-बेरात्री आजारी पडली तर कारशिवाय दवाखान्यात कशी नेऊ. मैत्रीण म्हणते कल्याण-डोंबिवलीकडे घर बघ, भाडं कमी पडेल, लोकलने जा. आई म्हणते दोन महिने ठेव इथेच मग बघू, पण आईचे गुडघे असे आहेत आणि तर्री मांजर दिसलं की अशी ओढते की मलाच सांभाळत नाही.

कोणी असं केलंय का खरंच? ऐकीव नको, केलेलं सांगा.

---

ब्रेकव्हॅन_नको

केलंय. २०२३ ला, नागपूर ते मुंबई, लॅब्राडॉर, ३१ किलो, विदर्भ एक्सप्रेस. सविस्तर सांगतो कारण मलाही तेव्हा कोणी धड सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट, थ्री टायर, टू टायर, स्लीपर, चेअर कार यात कुत्रा चालतच नाही, टीसीला पटवून नेऊ वगैरे सल्ले देणारे भेटतील, ऐकू नका. बुक न करता पकडलात तर लगेजच्या दराच्या सहापट दंड आहे. फक्त फर्स्ट एसी, आणि त्यातही अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन तुमच्या नावावर पाहिजे. कूपे म्हणजे दोन बर्थ, केबिन म्हणजे चार. दार बंद होतं आतून, म्हणून परवानगी. तेव्हा कोणाला तरी सोबत घ्या, भाऊ असेल तर भाऊ, आणि दोन तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. एकटीने दोन नावांवर काढून दुसरा माणूस आलाच नाही असं करू नका, रिकामा बर्थ टीटीई दुसऱ्याला देऊ शकतो आणि तो दुसरा आला की तर्रीचा हक्क गेला. भाऊ परत येताना स्लीपरने येईल, त्यात काय.

आता गंमत अशी की फर्स्ट एसीत तिकीट काढताना सीट नंबर येतच नाही, कूपे मिळाला की केबिन हे चार्ट लागल्यावर कळतं. म्हणून डीआरएम ऑफिसला (रेल्वेचं विभागीय कार्यालय) कमर्शियल विभागात आधीच अर्ज द्यायचा, सोबत कुत्रा आहे, कृपया कूपे मिळावा, पीएनआर अमुक, तिकिटाची झेरॉक्स जोडून, आणि एका कॉपीवर शिक्का मारून घ्यायचा. मी काउंटरवरून तिकीट काढलं होतं, मला ते सोयीचं वाटलं. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही, आणि फर्स्ट एसीच्या सीटा मोजक्याच असतात, मे महिना आहे, ही पोस्ट वाचून झाली की उठा आणि तिकीट काढा.

कागद: लसीचं पुस्तक, आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, प्रवासाच्या २४ ते ४८ तास आतलं, त्यात जात, रंग, मादी/नर सगळं लिहिलेलं पाहिजे. तुमच्या आणि भावाच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. हे सगळं घेऊन गाडीच्या तीन तास आधी पार्सल ऑफिसला. तिथे पावती बनते, ती पावती म्हणजेच तिचं तिकीट, फोटो काढून ठेवा. पैसे फार नाही लागत, काही शे रुपये, खरा खर्च तुमच्या दोन तिकिटांचाच.

माझ्या वेळचा प्रसंग सांगतो. आमच्या साहेबांना वजनकाट्यावर बसवायचं होतं. काट्यावर आधीच एक मोठं खोकं होतं, ते हमालाने सरकवलं, आणि हा गडी चारही पाय जमिनीत रुतवून उभा. मी ओढतोय, बायको ढकलतेय. शेवटी तो हमालच खिशातून पारले-जी काढून काट्याच्या मधोमध ठेवून बाजूला झाला. गेला लगेच. खिडकीतल्या साहेबांनी फक्त एकच प्रश्न विचारला, चावतो का. म्हटलं नाही. म्हणाले मग ठीक आहे, आणि शिक्का मारला.

ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे तुम्ही म्हणता त्या गार्डच्या डब्यातली पेटी नियमात आहे पण अंधार, आवाज, उन्हात तापलेला डबा, मे मध्ये विचारसुद्धा करू नका. माझं युजरनेम उगाच नाही.

दुरांतो पण चालेल, ती नागपूरहूनच सुटते त्यामुळे गाडी आधी लागते आणि चढायला घाई होत नाही. विदर्भ गोंदियाहून येते, मोजकी मिनिटं थांबते, सामान जास्त असेल तर पळापळ होते. पण विदर्भ कल्याणला थांबते आणि तुम्हाला ठाण्याला जायचंय, दादरच्या गर्दीत उतरण्यापेक्षा पहाटे कल्याणला उतरलेलं बरं.

अजून दोन गोष्टी. गाडीच्या पाच-सहा तास आधी शेवटचं जेवण, ते पण हलकं, झोपेची गोळी वगैरे स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि घरच्या अंगणातली माती पिशवीभर सोबत घ्या. हसू नका. कूपेत पेपर पसरून त्यावर ती माती टाकली तरच आमच्या साहेबांनी शू केली, नाहीतर रेल्वेच्या फरशीवर करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

---

गप्प_बसवत_नाही

सगळे उत्साहाने सांगतायत म्हणून मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. माझी बहीण असाच कुत्रा घेऊन गेली होती मुंबईला. सहा महिन्यांत परत आणून सोडला. ती सकाळी आठला निघायची, रात्री साडेआठला यायची, तो दाराशी बसून राहायचा, पुढच्या पायाचे केस चाटून चाटून काढले त्याने, कातडी दिसायला लागली. आता घरी मागच्या अंगणात लोळतो, बरा आहे. तुमची आई म्हणतेय दोन महिने थांब तर ते अगदीच चुकीचं नाही. घर लागेपर्यंत तरी.

---

तर्रीची_माय

राग नाही दादा, खरं तर याचीच भीती वाटून राहिली आहे मला. पण तुमच्या बहिणीचे ते साडेबारा तास, त्यातले प्रवासाचे किती होते?

---

गप्प_बसवत_नाही

साडेतीन. अंबरनाथ ते अंधेरी.

---

लुईसवाडीची_मावशी

बघ, उत्तर तुझं तुलाच मिळालं. साडेतीन तास.

मी ठाण्यात सव्वीस वर्षं राहतेय, गाडी कधीच नव्हती, आणि तीन कुत्रे सांभाळलेत, एकानंतर एक. तुला एकच सांगते, भाड्याकडे बघून घर शोधू नकोस, पायांकडे बघून शोध. ऑफिस चालत, कुत्र्यांचा डॉक्टर चालत, तिला मोकळं फिरवायला जागा चालत. तिन्ही पंधरा-वीस मिनिटांत बसलं तर कार नसली तरी तुझं काही अडत नाही. डोंबिवलीला चार-पाच हजार वाचवशील, पण सकाळच्या लोकलमध्ये शिरताना एक आणि उतरताना एक असे दोन जन्म जातील आणि कुत्री अकरा-बारा तास कोंडलेली. शिवाय दुपारी फोन आला की कुत्री सारखी भुंकतेय तर डोंबिवलीहून पोचणार कधी? जवळ असलीस तर जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन दहा मिनिटं खाली फिरवून परत जाशील. मी वीस वर्षं तेच केलं.

वागळेला चालत म्हणजे लुईसवाडी, किसननगर, रघुनाथनगर, सावरकरनगर, अलीकडे पाचपाखाडी, पलीकडे मुलुंड चेकनाका. किसननगर दाट वस्ती आहे, गल्ल्या अरुंद आणि प्रत्येक गल्लीची स्वतःची कुत्र्यांची टोळी, बाहेरची कुत्री आली की मिरवणूक निघते मागे. पण ते पंधरा दिवस. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने जायचं, आणि तिथे त्यांना खायला घालणारं कोणीतरी असतंच, त्या बाईची किंवा काकांची आधी ओळख काढ. त्यांच्याबरोबर दोन वेळा चाललीस की टोळी तुला आपली मानते. काठी नको नेऊस, काठी बघून जास्त भुंकतात.

आता घराचं. इथे लोक एक घोळ करतात तो तू करू नकोस. सोसायटी वेगळी आणि घरमालक वेगळा. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करूनसुद्धा नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, प्रिंट काढून जवळ ठेव. पण घरमालकाला तुला घर द्यायचंच अशी सक्ती नाही, त्याचं घर आहे, तो नाही म्हणाला की विषय संपला. त्यामुळे भांडायची तयारी सोसायटीशी ठेव आणि गोड बोलायची मालकाशी. आणि लपवून तर अजिबात नको. एजंट सांगतात, आधी राहायला या मग हळूच आणा. अकरा महिन्यांचा करार असतो, दुसऱ्या महिन्यात मालक आला आणि दाराआडून भुंकणं ऐकलं की डिपॉझिटवरून वाद सुरू. करारातच एक ओळ घालून घे, पाळीव कुत्री ठेवण्यास मालकाची हरकत नाही. हा भाडेकरार (लीव्ह अँड लायसन्स) रजिस्टर होतो तेव्हा ती ओळ आत असली पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ओके कामाचं नाही.

माझी युक्ती सांगू? मालकाला भेटायला जाताना कुत्र्याला घेऊनच जायचे मी. नुसतं कुत्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सोफा फाडणारं काहीतरी येतं, समोर शांत बसलेलं जनावर बघितलं की अर्धं काम होतं. तुला नागपूरहून जमणार नाही तर व्हिडिओ काढ. तर्री झोपलेली, तर्री दारावरची बेल वाजली तरी गप्प. (गप्प बसते ना?)

---

तर्रीची_माय

मावशी 🙏 बेल वाजली की गप्प बसत नाही पण कुकरच्या शिट्टीला बसते. तो व्हिडिओ काढते.

---

येऊरचा_वाघोबा

घोडबंदर रोडला स्वस्तात मोठं घर मिळतंय म्हणून कोणी दाखवलं तर एक लक्षात ठेवा, येऊर, मानपाडा, त्या बाजूच्या बऱ्याच सोसायट्या संजय गांधी नॅशनल पार्कला खेटून आहेत. बिबटे आहेत तिथे आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. घाबरवत नाहीये, माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण पहाटे पाचला आणि रात्री अकराला कुत्रा घेऊन जंगलाच्या भिंतीकडेने चालणं म्हणजे ताट वाढून नेणं. २०१९ ला एक तर पार कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये आला होता, म्हणजे भर शहरात. दिवसा फिरवा, लीश लहान ठेवा. रविवारी येऊरला कुत्रा घेऊन पिकनिकला जायचे बेत पण नकोत, ते जंगल आहे, बाग नाही.

---

अ‍ॅक्टिव्हा_पार्सल

अ‍ॅक्टिव्हा विकू नका!! रेल्वे पार्सलने येते. आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स, टाकी पूर्ण रिकामी (पूर्ण म्हणजे पूर्ण, वास आला तरी परत पाठवतात), गोणपाट आणि पेंढा लावून पॅकिंग करणारे स्टेशनबाहेरच असतात, आरसे काढून डिक्कीत ठेवा नाहीतर पोचेपर्यंत एकच राहतो. ठाण्यात तिच्याशिवाय हाल होतील, कुत्रीला पायाशी बसायची सवय आहे म्हणता तर कारची गरजच काय. फक्त तलावपाळीच्या संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका एवढंच, हॉर्नच्या आवाजाने माणसं उड्या मारतात तिथे.

---

कंपाउंडर_भाऊ

डॉक्टर नाही मी, पण कुत्र्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. नागपूरचा उन्हाळा आणि ठाण्याचा उन्हाळा वेगळा. तिकडे ४५ डिग्री असेल पण कोरडं, इकडे ३४ च असेल आणि कुत्रं जीभ काढून धापा टाकत बसेल कारण त्याला घाम नाही, तो धाप टाकूनच थंड होतो आणि हवेतच इतकं पाणी असलं की धाप टाकून पण उपयोग होत नाही. पहिले पंधरा दिवस लांब फिरवू नका, लोकांना वाटतं नवीन जागा आहे, दाखवू सगळं. नको. नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर मे मधल्या दुपारी नेताना आधी हाताची मागची बाजू फरशीला लावून बघा, पाच सेकंद ठेवता आली नाही तर तिचे पंजे पण भाजतील.

मुख्य मुद्दा लेप्टो. तुम्ही १ जूनला येणार, मागोमाग पाऊस येतो, रस्त्यावर पाणी साचतं, उंदरांचं मूत त्या पाण्यात, आणि कुत्रं तेच पाणी पितं नाहीतर त्यातून चालून पाय चाटतं. तुम्हालाही होऊ शकतो तो. तर्रीला लेप्टोची लस दिलीय का ते पुस्तकात बघा, नेहमीच्या एकत्र लसीत काही वेळा असते काही वेळा नसते. पहिल्यांदाच देत असतील तर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो म्हणून नागपुरातच सुरू करा, ठाण्याला येऊन बघू म्हणाल तर पाऊस गाठेल. रेबीजची वर्षाची तारीख उलटली नाही ना तेही बघा. आणि गोचीड. पावसाळ्यात गोचीड इतके की विचारू नका, टिक फीवरच्या केसेस आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रांगेने. महिन्याची गोळी नाहीतर मानेवर टाकायचे थेंब, चुकवायचे नाहीत. फिरून आलं की बोटांच्या मध्ये आणि कानाच्या आत हात फिरवायचा, मोहरीएवढं काहीतरी लागलं की समजायचं.

रात्रीच्या इमर्जन्सीचं विचारलंत. अ‍ॅपवर गाडी बोलावली आणि कुत्रा बघून कॅन्सल केली असं रडत आलेले खूप लोक बघितलेत. उपाय एकच, घराजवळच्या नाक्यावरच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर घेऊन ठेवा, आधी एकदा दिवसा तिला घेऊन बसा, जुनी चादर घालून, वर दहा-वीस रुपये जास्त द्या. मीटर २६ पासून सुरू होतो, दवाखाना जवळ असेल तर काही जड नाही. ओळख असेल तर रात्री दोनलाही येतो माणूस. मोठं काही झालं तर परळला बैल घोडा हॉस्पिटल आहेच, पण रिक्षा मुंबईत सायनच्या पुढे जात नाही, तिथून काळी-पिवळी करावी लागेल हे आधीच डोक्यात ठेवा, त्या क्षणी सुचत नाही.

---

नारळाची_करवंटी

एकटं राहायची सवय आत्तापासून लावा, नागपुरातच. घरात कोणी ना कोणी असतंच ना तुमच्या, म्हणजे तिला रिकामं घर माहीतच नाही. रोज पाच मिनिटं सगळे बाहेर, मग दहा, मग अर्धा तास, निघताना येते हं बाळा वगैरे लाड अजिबात नाही, आल्यावर पण लगेच मिठी नाही. दोन महिन्यांत चार तासांपर्यंत येईल. आणि करवंटीत दही-भात दाबून फ्रीजरमध्ये ठेवायची रात्रभर, निघताना ती द्यायची, चाटत बसते पाऊण तास. बाजारातल्या रबरी खेळण्यापेक्षा स्वस्त, आणि फुटली तर दुसरी.

---

तर्रीची_माय

(अपडेट, २९ जून)

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. आलो. दोघीही जिवंत.

तिकीट ज्या दिवशी तुम्ही म्हणालात त्याच दिवशी काढलं, भाऊ सोबत, अर्ज शिक्का मारून ठेवला, कूपे मिळाला. पार्सल ऑफिसला तर्री वजनकाट्यावर स्वतःहून जाऊन बसली, मला वाटतं तिला तो ओटा वाटला. पावतीवर डॉग वन असं लिहिलेलं बघून भाऊ इतका हसला की लोक बघायला लागले.

आणि मातीची पिशवी. अंगणातली माती, जास्वंदाच्या झाडाखालची, नीट चाळून भरली होती, आणि ती पिशवी घराच्या दारात अ‍ॅक्टिव्हाच्या फूटरेस्टवर राहिली. वर्धा गेल्यावर आठवलं. पेपर पसरला, पॅड पसरलं, तर्री पॅडकडे बघते, माझ्याकडे बघते, परत पॅडकडे. अकोल्याला नाही. भुसावळला भावाने खाली उतरवलं, दोन्ही लीश लावून, खांब दाखवला, तिने वासही घेतला नाही, पोह्यांचा ठेला कुठे दिसतो का तेवढं बघितलं. रात्रभर मी झोपले नाही, तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. कल्याणला उतरलो, पहाटेच होती अजून, स्टेशनच्या बाहेर पहिलं जे झाड दिसलं तिथे बसली ती पूर्ण एक मिनिट. भाऊ म्हणे मी घड्याळ लावलं होतं.

अ‍ॅपवरच्या तीन गाड्या कॅन्सल झाल्या. चौथी बुकच केली नाही, स्टँडवर एका म्हाताऱ्या रिक्षावाल्या काकांना विचारलं, त्यांनी सीटखालून गोणपाट काढून अंथरलं आणि म्हणाले आमच्याकडे पण दोन आहेत. भिवंडी बायपासने ठाण्यापर्यंत ती दारातून डोकं बाहेर काढून बसली होती, मीटर किती झालं ते सांगत नाही, आई वाचेल.

घर मावशींच्याच लुईसवाडीत मिळालं, वन आरके, बजेटच्या चार हजार वर. कुकरच्या शिट्टीचा व्हिडिओ कामी आला, मालकीणबाईंनी दोनदा बघितला आणि विचारलं शिट्टी किती झाल्या. करारात ओळ घालून घेतली आहे. ऑफिस चालत सतरा मिनिटं. दुपारी घरी येते, घाम पुसते, तिला खाली नेते, परत जाते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की मी गेल्यावर अर्धा तास रडत होती, आता दहा मिनिटं म्हणतात. करवंट्यांसाठी खालच्या नारळवाल्याशी दोस्ती केली आहे. लेप्टोचे दोन्ही डोस नागपुरात झाले होते, कंपाउंडर भाऊंना खास थँक्स, कारण परवा रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी होतं आणि मी तिला उचलून आणलं, १९ किलो, छत्री तोंडात.

आता नवा प्रॉब्लेम. मावशी, तुमचं ते परिपत्रक प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवलंय, सेक्रेटरी स्वतः म्हणाले लिफ्ट वापरा, काही हरकत नाही. तर्रीच शिरत नाही. दार उघडलं की चारही पाय पसरून उभी. बिस्किट आत ठेवलं, बिस्किट घेऊन बाहेर पळाली. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, दिवसातून चार फेऱ्या.

---

लुईसवाडीची_मावशी

माझा दुसरा नंबरचा होता तसाच. पाचवा मजला, नऊ वर्षं जिना. संध्याकाळी ये चहाला, तिला घेऊन. तळमजला आहे.